रायझन ५ ७६०० हा प्रोसेसर बी५५० बोर्डावर चालेल का? घरी गेमिंग कॉम्प्युटर जोडताना काय काय जुळवून बघावं?

तुमची यादी अशी आहे: रायझन ५ ७६००, मामेभावाकडून मिळणारा बी५५० मदरबोर्ड, त्याच्याच ८-८ जीबीच्या दोन डीडीआर४ रॅम, आरटीएक्स ४०६० ग्राफिक्स कार्ड, ४५० वॅटचा एसएमपीएस (मशीनच्या भागांना वीज पुरवणारा भाग) आणि घरात आधीपासून असलेला ६०० व्हीएचा यूपीएस. हे सगळं एकत्र चालणार नाही. अडचण पहिल्या दोन वस्तूंतच आहे, आणि तुम्ही प्रोसेसर अजून विकत घेतलेला नाही हे फार बरं झालं.

७६०० हा एएम५ सॉकेटचा (सॉकेट म्हणजे बोर्डावर प्रोसेसर बसतो ती जागा) प्रोसेसर, तर बी५५० हा एएम४ चा बोर्ड. एएम४ मध्ये १३३१ पिना प्रोसेसरच्या पोटाला असतात. एएम५ मध्ये १७१८ पिना बोर्डाच्या सॉकेटात असतात. ७६०० बी५५० वर बसणारच नाही आणि बायॉसच्या (बोर्डातलं मशीन सुरू करणारं सॉफ्टवेअर) कुठल्याही अपडेटने बसवता येणार नाही. बरं, बोर्ड बदलला तरी रॅम अडते, कारण एएम५ वर फक्त पुढच्या पिढीची डीडीआर५ रॅम चालते. डीडीआर४ आणि डीडीआर५ दोन्हींना २८८ पिना, लांबीही सारखीच, पण मधली खाच वेगळ्या जागी असते. रॅम सहज बसत नसेल तर जोर लावू नका.

बोर्ड आणि रॅम घरचीच मिळत असताना मी तुमच्या जागी रायझन ५ ५६०० घेतला असता. ४०६० सोबत तो चांगला जमतो. फक्त दुकानात '५६००' म्हणजे ५६००च मागा. त्याऐवजी ५६००जी किंवा ५५०० पुढे केला तर घेऊ नका. त्या दोघांत एल३ कॅश (प्रोसेसरच्या आतली झटपट मेमरी) निम्मी, म्हणजे ३२ ऐवजी १६ एमबी असते, आणि ते पीसीआयई ३.० वरच, म्हणजे कार्डाला प्रोसेसरशी जोडणाऱ्या मार्गाच्या जुन्या, हळू पिढीवरच चालतात. ४०६० मुळात आठच लेन वापरतं, त्यामुळे ३.० वर त्याची वाट आणखी अरुंद होते.

आता सगळ्यात महत्त्वाचं. २०२२ मध्ये मी स्वतः ५६०० घेतला आणि दुकानात पडून असलेला एक जुना बी४५० बोर्ड घेतला. 'सगळं चालतं' असं मला सांगितलं होतं. घरी जोडलं, पंखे फिरले, दिवे लागले, स्क्रीन मात्र काळीच. दोन दिवस रॅम काढघाल करण्यात गेले. प्रोसेसर जळाला असंच मी धरून चाललो होतो. खरं कारण इतकंच की बोर्ड प्रोसेसरच्या आधीचा होता आणि त्याचा बायॉस या प्रोसेसरला ओळखत नव्हता. शेवटी एका मित्राचा जुना रायझन बसवून बायॉस अपडेट केला आणि मशीन सुरू झालं.

तुमच्याही बाबतीत हे होऊ शकतं. बी५५० बोर्ड जून २०२० मध्ये आले, ५६०० एप्रिल २०२२ मध्ये. म्हणून मामेभावाला सांगा की त्याचा सध्याचा प्रोसेसर बोर्डावर असतानाच बायॉस अपडेट करून ठेव. बोर्डावर छापलेलं पूर्ण मॉडेल आणि रिव्हिजन बघून कंपनीच्या साइटवरच्या सीपीयू सपोर्ट यादीत ५६०० समोर कोणती बायॉस आवृत्ती लिहिली आहे ते पाहायचं. निदान तेवढी तरी हवी. आणि प्रोसेसर काढण्याआधी दहा-पंधरा मिनिटं मशीन चालवून प्रोसेसर आणि कूलरमधली पेस्ट कोमट होऊ द्यायची. मग बंद करून, वायर काढून, कूलर सरळ वर न ओढता हलकेच डावी-उजवीकडे फिरवत सोडवायचा. एएम४ मध्ये प्रोसेसर कूलरला चिकटून सॉकेटातून उपटून येऊ शकतो आणि पिना वाकतात.

एसएमपीएसचं गणित करू. ५६०० जास्तीत जास्त ७६ वॅट घेतो, कार्ड ११५, बाकी सगळं धरून अडीचशेच्या आसपास. तरी एनव्हिडिया ४०६० साठी ५५० वॅटचा एसएमपीएस सुचवते, आणि मीही तेच सांगेन. डब्यावरच्या मोठ्या आकड्यावर जाऊ नका. अंगावरच्या स्टिकरवर १२ व्होल्टसमोर किती अँपिअर लिहिलेत ते वाचा आणि १२ ने गुणा. ४५० वॅटच्या एसएमपीएसवर तिथे ३६ असेल तर ४३२ वॅट, म्हणजे माल प्रामाणिक आहे. उत्तर तीनशेच्याही खाली आलं तर तो परत ठेवा. इथे वाचवलेले हजार रुपये सगळ्या मशीनच्या जिवावर येऊ शकतात. कार्डाची आठ पिनांची वायर आणि प्रोसेसरची आठ पिनांची वायर दिसायला सारखी असते, पण त्यांचे धन-ऋण उलटे असतात. कनेक्टरवर लिहिलेलं वाचूनच लावा.

६०० व्हीएचे घरगुती यूपीएस साधारण ३६० वॅटचे असतात. मॉनिटर धरूनही भार त्यात बसेल, पण गेम चालू असताना काही मिनिटांपुरताच. तुमच्याकडे वीज वारंवार जाते असं लिहिलंय, तेव्हा तो फक्त सेव्ह करून बंद करण्यापुरता समजा. शिवाय भिंतीतल्या सॉकेटला अर्थिंग खरंच जोडलंय का हे वायरमनकडून तपासून घ्या. जुन्या घरांत पुष्कळदा नसतं, आणि मग लोखंडी कॅबिनेटला हात लावला की झिणझिण्या येतात.

कॅबिनेट घेताना बोर्डाचा आकार एटीएक्स आहे की त्याहून लहान मायक्रो-एटीएक्स आणि कार्डाची लांबी किती एवढं जुळवा. ५६०० सोबत येणारा कूलर कुठेही मावतो. बोर्डावर रॅमचे चार स्लॉट असतील तर रॅम प्रोसेसरपासून दुसऱ्या आणि चौथ्या स्लॉटमध्ये घाला, बायॉसमध्ये एक्सएमपी (रॅम तिच्या पूर्ण वेगाने चालवणारी सेटिंग) सुरू करा, नाहीतर ३२०० ची रॅम २१३३ किंवा २४०० वर चालत राहील. आणि मॉनिटरची वायर ग्राफिक्स कार्डालाच लावा. ५६०० मध्ये स्वतःचं ग्राफिक्स नाही, त्यामुळे बोर्डाच्या पोर्टवर काहीच दिसणार नाही.

बोर्डाचं पूर्ण मॉडेल आणि एसएमपीएसच्या स्टिकरवरचे आकडे खाली लिहिलेत तर मी ते बघून सांगेन.