क्रूसावर खिळण्याची शिक्षा रोमन कोणाला देत असत, आणि ख्रिस्ती धर्मात क्रूसाला एवढे महत्त्व कसे आले?

ही शिक्षा रोमनांच्या आधी इराणी आणि उत्तर आफ्रिकेतील कार्थेजच्या लोकांमध्येही होती. रोमनांनी मात्र ती मुख्यतः गुलाम, बंडखोर आणि नागरिकत्व नसलेल्यांसाठी राखून ठेवली. जीव घेण्याइतकाच अपमान करणे हाही तिचा हेतू होता, म्हणूनच ती रहदारीच्या रस्त्यांवर दिली जाई. स्पार्टाकस या गुलामाच्या नेतृत्वाखालचे बंड मोडल्यावर इ.स.पू. ७१ मध्ये कापुआपासून रोमपर्यंतच्या आपियन मार्गावर सुमारे ६,००० गुलामांना क्रूसावर चढवण्यात आले. १९६८ साली जेरुसलेमजवळच्या एका थडग्यातील अस्थिपेटीत टाचेच्या हाडात आरपार गेलेला लोखंडी खिळा सापडला. तो पुरावा वाचतानाही अंगावर काटा येतो.

येशूला यहूदियाचा रोमन सुभेदार पंतय पिलात याच्या कारकिर्दीत (इ.स. २६ ते ३६) हीच शिक्षा झाली, आणि हे लक्षात घेतल्याशिवाय ख्रिस्ती श्रद्धेचे धाडस कळत नाही, असे मला वाटते. ज्या मरणाचा उल्लेखही सभ्य लोक टाळत, त्याच मरणात देवाने मानवजातीचे पाप स्वतःवर घेतले, असे पहिले ख्रिस्ती सांगू लागले. देवाच्या रूपात असलेल्याने दासाचे रूप घेतले आणि वधस्तंभावरचे मरणही पत्करले, असे पौल या सुरुवातीच्या ख्रिस्ती प्रचारकाने फिलिप्पैकरांस (फिलिप्पै शहरातील ख्रिस्ती मंडळीस) लिहिले. म्हणजे ते गुलामाचे मरण होते, ही गोष्ट त्याने लपवली नाही, उलट तीच पुढे केली. मराठी बायबलमधला ‘वधस्तंभ’ हा शब्द ‘क्रूस’पेक्षा मूळ भीषणता अधिक जपतो. चौथ्या शतकात, रोमन सम्राट कॉन्स्टंटाइनच्या काळात, ही शिक्षा बंद झाली, आणि क्रूसाचे चिन्ह उघडपणे मिरवले जाणे त्यानंतरच वाढत गेले.