वाचकांचे प्रश्न : कयाकवरून हॅलिबट आवरताना

प्रश्न : गेल्या उन्हाळ्यात आग्नेय अलास्कातल्या एका खाडीत मी कयाकवरून, म्हणजे एकट्याने वल्हवायच्या अरुंद होडीवरून, गळ टाकून बसलो होतो. पाणी सुमारे तीस मीटर खोल होते. सव्वा मीटर लांबीचा हॅलिबट लागला आणि आश्चर्य म्हणजे फारशी ओढाताण न करता वर आला. आकडी (मासा ओढून घ्यायचा दांड्याचा आकडा) रोवून मी त्याला मांडीवर ओढले मात्र, त्याने असे तडाखे दिले की वल्हे पाण्यात पडले, गळाची काठी मोडली, कयाक उलटता उलटता वाचली आणि मासा आकडीसकट नाहीसा झाला. मोटारबोटीवरचे लोक याहून मोठे मासे आत घेतात. कयाकवर ते जमवायचे तर अधिक मोठी आकडी घ्यावी, की बंदूक जवळ ठेवावी?

उत्तर : मासा आकडी घेऊन गेला आणि तुम्ही कोरडे परतलात, म्हणजे हा व्यवहार स्वस्तातच पडला म्हणायचा. तुमच्या पत्रातले सर्वांत महत्त्वाचे वाक्य तुम्ही ओझरते लिहून गेला आहात, ते म्हणजे मासा फारशी ओढाताण न करता वर आला. हॅलिबट हा तळाशी पडून राहणारा चपटा मासा आहे आणि खोल पाण्यातून त्याला वर घेताना पुष्कळदा भिजलेली फळी ओढत असल्यासारखे वाटते. आपण समजतो की तो दमला. प्रत्यक्षात त्याने ताकद खर्चच केलेली नसते. वरचा उजेड आणि कयाकची सावली दिसली, किंवा त्याचे तोंड पाण्याबाहेर आले, की त्याची खरी झटापट सुरू होते, आणि नेमक्या त्याच क्षणी तुम्ही त्याला मांडीवर घेतलेत. सव्वा मीटरचा हॅलिबट साधारण २५ किलो भरतो. मोटारबोटीवर एवढ्या माशाला आदळआपट करायला फळ्यांची मोकळी जागा असते आणि माणसे दोन पावले मागे सरकू शकतात. कयाकवर ती जागा म्हणजे तुमची मांडी आणि मागे सरकायला काहीच नाही.

म्हणून कयाकवाल्याने एक गोष्ट पक्की धरावी : हॅलिबट पाण्यातच संपवायचा आणि तो पूर्ण निपचित झाल्यावरच कयाकवर घ्यायचा. आकडीची लांबी, दोराची जाडी वगैरे प्रश्न त्यानंतरचे.

मासा लागल्यापासून दोर कयाकच्या पुढच्या टोकाकडे राहील असे पाहावे. ओढ समोरून असली तर मासा कयाकलाच आपल्यामागे खेचत नेतो आणि त्यात दमतो; हा कयाकचा मोठा फायदा आहे आणि जड बोटीला तो मिळत नाही. ओढ बाजूने आली तर मात्र कयाक कलंडते. मासा पाण्याखाली चार-पाच मीटरवर दिसू लागला की थांबावे, रिळाचा ताण थोडा सैल करावा आणि त्याला कयाक पाहून पुन्हा तळाकडे पळू द्यावे. असे दोन-तीनदा होऊ द्यावे. आत्तापर्यंत सगळे सुरळीत झाले आहे, तेव्हा उरकून टाकू, हा मोह याच वेळी होतो आणि बहुतेक फजिती याच वेळी होते.

मासा शांतपणे कयाकला समांतर येऊन राहिला की, त्याचे तोंड पाण्याखालीच ठेवून, हार्पून (दोर बांधलेला भाला) वापरावा. या कामाच्या हार्पूनचे टोक दांड्यापासून सुटणारे असते आणि त्याला दोन-तीन मीटर दोर व दोराच्या शेवटी बोया, म्हणजे तरंगता फुगा, बांधलेला असतो. कल्ल्यांच्या झाकणामागे, कण्याजवळच्या जाड भागात तो असा मारावा की टोक आरपार जाऊन पलीकडे आडवे होईल. त्यानंतर दांडा आपल्या हातात, टोक माशात आणि बोया पाण्यात, अशी स्थिती झाली पाहिजे. बोयाचा दोर कयाकला कधीही बांधू नये. पहिल्या हंगामात मी तो बाजूच्या कडीत अडकवला होता. माशाने बुडी मारली तशी कयाकची कड पाण्याखाली गेली, आणि कमरेचा चाकू लाइफ जॅकेटखाली दबल्यामुळे हाताला सापडेना. दोर आपोआप कडीतून निसटला, एवढ्यावर निभावले. तेव्हापासून माझा चाकू जॅकेटवर छातीशी असतो, कोणत्याही हाताने ओढता येईल असा.

बोया ओढून ओढून मासा थकला की बोया जवळ घ्यावा, डोळ्यांच्या किंचित मागे डोक्यावर दांडक्याचे दोन-तीन जोरकस घाव घालावेत आणि लगेच एका बाजूचे कल्ले कापावेत. रक्त पाण्यातच वाहू द्यावे. आसपास सी लायन (सीलसारखे मासेखाऊ समुद्री प्राणी) फिरत असतील तर मात्र फार वेळ रेंगाळू नये, कारण त्यांना आयते जेवण सोडवत नाही. रक्त गेल्यावर एक दोर कल्ल्यातून घालून तोंडातून काढावा, तोच शेपटीच्या बुडाशी फासात अडकवावा आणि मासा धनुष्यासारखा वाकेपर्यंत आवळावा. हॅलिबटचा सगळा जोर शेपटीच्या फटक्यात असल्यामुळे डोके आणि शेपूट असे जवळ बांधले की मेलेला समजलेला मासा पुन्हा जागा झाला तरी त्याला फटका मारता येत नाही. असे जागे होणे दुर्मीळ नाही. मग दोन्ही पाय कयाकच्या दोन बाजूंना पाण्यात सोडून तोल धरावा आणि मासा मागच्या भागावर सरकवावा. फार जड असेल तर तो पाण्यातूनच किनाऱ्यापर्यंत ओढत न्यावा.

आठ-दहा किलोपर्यंतच्या माशासाठी एवढा खटाटोप नको. त्याला आकडी आणि दांडका पुरतो, पण दांडका आधी, मांडी नंतर.

बंदुकीचा विचार सोडून द्यावा. अलास्कात काही जण मोठा हॅलिबट बोटीत घेण्यापूर्वी त्याला गोळी घालतात हे खरे आहे; पण ते उभे राहून, वरून खाली नेम धरतात. कयाकवर तुम्ही पाण्याच्या जवळजवळ पातळीवर बसलेले, एका हातात ताणलेली काठी, खालची होडी डुलणारी आणि तिरपी गोळी पाण्यावरून उडण्याची शक्यता, अशा स्थितीत मासा हाच सर्वांत कमी धोक्यात असेल.

मासा पाण्यातच मारण्याची ही रीत नवी नाही. याच किनाऱ्यावरचे मूळ रहिवासी ट्लिंगिट आणि हायडा लोक कोरीव लाकडी गळ टाकून, एका खोडातून कोरलेल्या होड्यांतून हॅलिबट धरत आले आणि मासा होडीत घेण्यापूर्वी दांडक्याने मारत आले. अलास्काच्या अल्यूशियन बेटांवरचे मूळ रहिवासी उनांगन तर कातडी मढवलेल्या कयाकमधूनच हॅलिबटसाठी जात. लाकडी गळाचा कोन दोन दांड्यांनी साधलेला असे आणि त्या दोन दांड्यांमधील अंतर असे बेतलेले असे की फार लहान माशाला तो गिळता येत नसे आणि फार मोठ्याचे तोंड त्यात शिरत नसे. आपण कोणता मासा घेणार हे गळ पाण्यात जाण्यापूर्वीच ठरवण्याची ती पद्धत मला आजच्या पुष्कळ साधनांपेक्षा शहाणपणाची वाटते.

एक गोष्ट तुम्ही विचारली नाही. कयाक उलटली असती तर? अतिशय थंड पाण्यासाठी एक ढोबळ हिशेब सांगितला जातो : पहिल्या मिनिटात श्वास ताब्यात आणावा लागतो, पुढची साधारण १० मिनिटे हातपाय उपयोगाचे राहतात आणि शुद्ध हरपायला सुमारे तासभर लागतो. त्या दहा मिनिटांत पुन्हा कयाकवर चढता आले पाहिजे. तेव्हा ड्रायसूट (पाणी आत न शिरू देणारा अंगभर पोशाख), अंगावरचे लाइफ जॅकेट, दोराने बांधलेले वल्हे आणि जॅकेटलाच लावलेला व्हीएचएफ रेडिओ, ज्याच्या १६ क्रमांकाच्या चॅनलवर मदत मागता येते, हे हार्पूनच्या आधी विकत घ्यावे. वजनाच्या काट्यापेक्षा पुन्हा चढण्याचा सराव अधिक महत्त्वाचा.

प्रश्न : मासा पाण्यात असतानाच तो ठेवायचा की सोडायचा हे कसे ठरवावे, आणि सोडायचा असल्यास कसा सोडावा?

उत्तर : कयाकच्या बाजूवर चिकटपट्टीने १०० आणि १५० सेंटिमीटरच्या खुणा कराव्यात. मासा समांतर आला की नजरेनेच माप होते. १०० सेंटिमीटरचा हॅलिबट सुमारे साडेबारा किलोचा असतो. १५० सेंटिमीटरचा त्याच्या दीडपट नसून जवळजवळ चौपट, म्हणजे सत्तेचाळीस किलोच्या आसपास असतो. हे गणित डोक्यात नसल्यामुळे ‘थोडाच मोठा आहे’ असे म्हणत लोक अडचणीत येतात. १९९६ मध्ये अलास्कातल्या डच हार्बरजवळ गळाला लागलेला विक्रमी हॅलिबट २०८ किलोचा होता, यावरून मर्यादेची कल्पना यावी. फार मोठे मासे बहुतेक माद्या असतात आणि त्यांच्या पोटी अंडीही पुष्कळ, म्हणून दीड मीटरच्या पुढचा मासा मी तरी सोडून देतो.

सोडण्याचा मासा आकडीने टोचू नये आणि पाण्याबाहेर उचलू नये. गोल वळणाचा गळ वापरला असेल तर तो बहुधा जबड्याच्या कोपऱ्यात रुतलेला असतो आणि लांब दांड्याच्या साधनाने पिरगाळून निघतो; न निघाल्यास लीडर, म्हणजे गळाला जोडलेला दोराचा शेवटचा तुकडा, गळाजवळ कापून टाकावा. पॅसिफिकमधल्या व्यावसायिक मच्छीमारांनी १९८३च्या सुमारास हाच गळ स्वीकारला. मात्र तो वापरताना काठीला हिसका देऊ नये. मासा आमिष घेऊन वळेपर्यंत वाट पाहावी आणि काठी वाकली की सावकाश रीळ फिरवावे. किती व केवढे मासे ठेवता येतात याचे नियम अमेरिका व कॅनडा यांच्या १९२३च्या करारातून आलेला आयोग आणि दोन्ही देशांची सरकारे यांच्याकडून ठरतात आणि ते वर्षागणिक बदलू शकतात, त्यामुळे मागच्या वर्षीच्या आठवणीवर विसंबू नये.

प्रश्न : माझ्या एका हॅलिबटचे मांस चुन्यासारखे पांढरे आणि शिजवल्यावर कोरडे निघाले. मासा रोगट होता का?

उत्तर : रोगट नव्हता आणि खायलाही चालतो. दीर्घ झटापटीत स्नायूंमध्ये लॅक्टिक आम्ल साठते, मांसाची आम्लता वाढते, प्रथिनांची घडण बिघडते आणि त्यांना पाणी धरून ठेवता येत नाही. सगळेच मासे असे होत नाहीत, पण मासा लवकर मारणे, लगेच रक्त काढणे आणि ताबडतोब थंड करणे यांमुळे ही शक्यता कमी होते. कयाकवर जाड कापडाची बर्फाची पिशवी ठेवावी, मासा तिथेच साफ करून पोटात बर्फ भरावा आणि पिशवीवर ओले कापड टाकावे.