आईच्या तपासणीला मुलीच्या पदवीची वाट कशाला?

आपल्या पत्रात मुलीचे बारावीचे गुण आणि तिने ‘कर्करोग होऊच न देणारे औषध’ शोधावे ही आपली इच्छा सविस्तर आली आहे; तिला स्वतःला काय हवे, याविषयी मात्र एक ओळही नाही. तिची आजी आणि मावशी चाळिशीच्या आत स्तनाच्या कर्करोगाने गेल्या, ‘आता आईला हिनेच वाचवायचे आहे’, असे आपण लिहिता. आई झोपल्यावर ती रात्री उशिरापर्यंत या आजाराविषयी वाचत बसते, हेही आपण कौतुकाने सांगता. मला त्यात अभ्यासाची गोडी कमी आणि धास्ती जास्त दिसते. सतरा वर्षांच्या मुलीवर हे ओझे टाकणे चूक आहे, हे मी स्पष्टच लिहिते.

ती संशोधक होईपर्यंत दहा-बारा वर्षे जातील. आपल्या पत्नीने मात्र जनुकीय समुपदेशकाला, म्हणजे आनुवंशिक आजारांची जोखीम समजावून सांगणाऱ्या तज्ज्ञाला, याच महिन्यात भेटावे. ज्यांतील दोषामुळे स्तनाच्या कर्करोगाची जोखीम वाढते, त्या बीआरसीए जनुकांत दोष आहे का, हे तपासता येते आणि त्यानुसार नियमित एमआरआय, औषध की शस्त्रक्रिया, हे डॉक्टरांशी बोलून ठरवता येते.

कर्करोग होऊच न देणारे औषध जीवनसत्त्वासारखे निरुपद्रवी असेल आणि सर्वांना देता येईल, हा आपला समज मात्र धोक्याचा आहे. फिनलंडमध्ये २९,१३३ धूम्रपान करणाऱ्या पुरुषांवर झालेल्या चाचणीचे निष्कर्ष १९९४ मध्ये आले, तेव्हा बीटा कॅरोटीन (शरीर ज्यापासून अ जीवनसत्त्व बनवते तो घटक) घेणाऱ्यांत फुप्फुसाचा कर्करोग १८ टक्क्यांनी अधिक आढळला. टॅमॉक्सिफेन या स्तनाच्या कर्करोगावरील औषधाने जास्त जोखीम असलेल्या १३,३८८ स्त्रियांच्या अमेरिकी चाचणीत स्तनाच्या आक्रमक कर्करोगाचे प्रमाण जवळपास निम्म्यावर आणले, पण त्याबरोबर गर्भाशयाच्या अस्तराचा कर्करोग आणि रक्ताच्या गुठळ्या वाढल्या. रुग्ण असे दुष्परिणाम पत्करतो. धडधाकट माणसाने वर्षानुवर्षे गोळी घ्यायची, तर थोडा अपायही महागात पडतो. म्हणून कर्करोग टाळणाऱ्या औषधांच्या क्षेत्राचे खरे काम एक जादूची गोळी शोधण्याचे नसून कोणाला, किती मात्रेत आणि किती वर्षे औषध द्यावे, हे ठरवण्याचे आहे. २० मिलिग्रॅमऐवजी ५ मिलिग्रॅम टॅमॉक्सिफेन पुरेल का, हा असाच एक प्रश्न आहे, आणि त्यासाठी डॉक्टरांइतकेच संख्याशास्त्रज्ञ लागतात.

वैद्यकशास्त्र, औषधनिर्माणशास्त्र, जैवसंख्याशास्त्र किंवा जनुकीय समुपदेशन, यांपैकी कोणत्याही वाटेने तिला इकडे येता येईल. पण आधी आईची तपासणी होऊ द्या. त्यानंतरचे पत्र मुलीने स्वतः लिहावे आणि आपण ते न वाचता पाठवावे. त्यात तिने भूगर्भशास्त्र शिकायचे आहे असे लिहिले, तरी मी तिला त्याचीच माहिती देईन.