पट्टीवरून सरळ चालता आलं नाही, म्हणजे प्यायलेलाच का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: गोव्याहून सिंधुदुर्गात परतताना रात्रीच्या नाकाबंदीत, गुडघ्याचं ऑपरेशन झालेल्या मेव्हण्याला पोलिसांनी रस्त्याच्या पांढऱ्या पट्टीवरून चालायला लावलं. तो अडखळला, तोंडाला वास होता, तेवढ्यावर ‘प्यायलाय’ ठरलं. फुंकून दारू मोजायचं मशीन नव्हतं. हे कितपत टिकेल? कोकणातल्या ग्रामीण रुग्णालयांत वैद्यकीय अधिकारी म्हणून अशी बरीच ‘मेडिकल’ (पोलिसांनी आणलेल्या माणसाची तपासणी) केली आहेत, म्हणून सविस्तर लिहितो.

चाल बघून शंका घेता येते, गुन्हा सिद्ध होत नाही. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम १८५ ला (दारू पिऊन गाडी चालवण्याचा गुन्हा) आकडा लागतो: १०० मिलि रक्तात ३० मिग्रॅपेक्षा जास्त अल्कोहोल. १९७१ साली महाराष्ट्रातल्याच एका अपघाताच्या खटल्यात (बचुभाई करयानी) सर्वोच्च न्यायालयाने तोंडाचा वास, लटपटती चाल, असंबद्ध बोलणं आणि विस्फारलेल्या बाहुल्या एवढ्यावरून माणूस नशेत होता असं मानलं नाही, कारण रक्ताची किंवा लघवीची तपासणीच झाली नव्हती.

अमेरिकेत या चाचण्या ठरावीक पद्धतीने घेतात: नजर फिरवताना बुबुळं थरथरतात का, नऊ पावलं जाऊन वळून परत येणं, एका पायावर ३० सेकंद उभं राहणं. १९८१ च्या अभ्यासात त्यांची अचूकता अनुक्रमे ७७, ६८ आणि ६५ टक्के निघाली, आणि तीही १०० मिग्रॅची रेषा धरून. आपली रेषा ३० ची. एवढ्या कमी पातळीला चालीत फरक दिसेलच असं नाही. १९९४ च्या एका अभ्यासात दारूचा थेंबही न घेतलेल्या २१ जणांचं चित्रण पोलिसांना दाखवलं, तर ४६ टक्के वेळा ‘गाडी चालवू नये इतका प्यायलाय’ असा शेरा आला.

आपल्याकडे तर घाटातला उतार, खडी, पावसाची चिखलट, पायात चप्पल, समोरून ट्रकचा दिवा डोळ्यांवर. गुडघेदुखी, कानाचा तोल, मधुमेहाने बधिर झालेले तळवे, या सगळ्यांनी पाऊल चुकतं. सगळ्यात घातक म्हणजे रक्तातली साखर उतरणं. घाम, अडखळती जीभ, चिडचिड. बघणाऱ्याला हुबेहूब दारूच वाटते. म्हणून पोलीस आणतील त्या प्रत्येकाची मी आधी साखर बघायचो, डोक्याला मार आहे का तपासायचो. अशा माणसाला ‘झोपू दे, उतरेल’ म्हणून कोठडीत टाकलं तर तो दगावू शकतो.

उलट बाजू मला जास्त छळते. रोज पिणारा १०० मिग्रॅ अंगात असूनही पट्टीवरून सरळ चालून दाखवतो. ‘बरा दिसतोय, जाऊ दे’ म्हणून सोडलेला तो पुढच्या वळणावर कुणाला उडवेल, सांगता येत नाही. तेव्हा मशीन हवंच.

मशीनलाही शिस्त लागते. २०२५ च्या जुलैत केरळमध्ये पंदळमच्या एसटी डेपोत पिकून आंबू लागलेला फणस खाल्लेले चालक मशीनवर ‘प्यायलेले’ दिसले होते. फणसाच्या दिवसांत आपल्याकडेही हे घडू शकतं. तोंडात राहिलेलं अल्कोहोल १५-२० मिनिटांत जातं, म्हणून आकडा खोटा वाटला तर तेवढं थांबून पुन्हा फुंकायची विनंती करा. नकार मात्र देऊ नका. त्याच कायद्याच्या कलम २०५ प्रमाणे विनाकारण दिलेला नकार तुमच्याच विरुद्ध धरता येतो.

अटक झाली असेल तर कलम २०२ प्रमाणे दोन तासांच्या आत डॉक्टरकडून तपासणी व्हायलाच हवी, नाहीतर सोडावं लागतं. उशीर कुणाच्याच फायद्याचा नाही, कारण रक्तातलं प्रमाण तासाला साधारण १५ ते २० मिग्रॅने उतरतं. रक्त घेताना कातडी स्पिरिटने पुसलेली नसावी, हेही बघा.

मेव्हण्याचं रक्त घेतलं होतं का, हे तुम्ही लिहिलेलं नाही. आधी ते विचारा. मग मेडिकलच्या कागदाची नक्कल मागा, त्यावर तपासणीची वेळ पाहा, आणि त्याच्या गुडघ्याच्या ऑपरेशनचे कागद सोबत घेऊन वकिलांना भेटा.