उधारीची वही कशी ठेवावी, म्हणजे पैसे बुडणार नाहीत आणि माणसंही तुटणार नाहीत?

तुम्ही विचारलंय की तालुक्याच्या गावात नवं किराणा दुकान टाकलंय, आजूबाजूची सगळी ओळखीची, त्यामुळे रोज कोणी ना कोणी ‘लिहून ठेवा’ म्हणतं. नाही म्हटलं तर गिऱ्हाईक जातं, हो म्हटलं तर भांडवल अडकतं.

उधारी द्या, पण मोजक्या घरांना. ‘आज रोख, उद्या उधार’ अशी पाटी लावणाऱ्या बऱ्याच दुकानांत गल्ल्याखाली वही असतेच, तेव्हा त्या पाटीवर विसंबू नका. माझं मत असं की हातात पैसा नाही म्हणून जेवढी उधारी बुडते, त्याहून जास्त बुडते ती आकडा वेळच्या वेळी तोंडावर बोलला गेला नाही म्हणून. सहाशेची बाकी ऐकून कोणी चिडत नाही. तीच पाच महिन्यांनी साडेचार हजार होऊन समोर आली की ‘एवढे कसे झाले?’ सुरू होतं.

आधी हिशेब डोक्यात पक्का करा. शंभराच्या मालात दहा रुपये सुटत असतील, तर हजाराची उधारी बुडणं म्हणजे तुमचे खरेदीचे नऊशे गेले. ते भरून यायला आणखी नऊ हजारांचा माल विकावा लागतो. म्हणून प्रत्येक घराला मर्यादा ठरवा आणि ती पहिल्याच दिवशी सांगा: ‘दोन हजारांपर्यंत लिहितो, पुढचं रोखीत.’ तिसऱ्या महिन्यात सांगायला गेलात तर तो अपमान वाटतो.

वसुलीची तारीख त्या घरात पैसा कधी येतो त्यावर ठरवा. नोकरदाराचा पगार महिन्याच्या सुरुवातीला होतो. दूध घालणाऱ्याचं डेअरीचं बिल बहुतेक ठिकाणी दर १० दिवसांनी निघतं, त्याला महिन्याचं खातं देऊच नका, दहा दिवसांचंच द्या. सोयाबीनवाल्याचा पैसा दिवाळीच्या आगेमागे येतो. उसाचं बिल ऊस कारखान्याला पोचल्यापासून १४ दिवसांत द्यायचं असा नियम आहे, पण त्या नियमावर तुमची वसुली टांगून ठेवू नका.

आता वही. गिऱ्हाईक समोर उभं असतानाच लिहायचं. ‘संध्याकाळी टाकू’ म्हटलं की एखादी नोंद राहते, नाहीतर दोनदा पडते, आणि दोनदा पडलेली नोंद तुमच्या इमानावर येते. नोंद अशी असावी:

१२ तारीख. साखर २ किलो ९०, तूरडाळ अर्धा किलो ७५, चहा पावडर १०० ग्रॅम ५०. एकूण २१५. मागील बाकी ६४०. आजअखेर ८५५. हस्ते: मुलगा.

नुसतं ‘किराणा २१५’ लिहू नका. महिन्याअखेरीस वाद होतो तो याच ओळीवर, कारण काय नेलं ते दोघांनाही आठवत नसतं. शेवटची बेरीज मोठ्यानं म्हणा, ‘आजअखेर आठशे पंचावन्न झाले बरं का, वहिनी.’ मात्र दुकानात दुसरं कोणी असेल तर आकडा बोलू नका, वही त्यांच्याकडे फिरवून बोट ठेवा. चूक झाली तर खाडाखोड नको. एक आडवी रेघ मारा, खालचा आकडा वाचता आला पाहिजे, आणि बाजूला सही करा. शक्य असेल तर गिऱ्हाइकाकडेही एक छोटी वही द्या आणि दोन्हींत एकाच वेळी लिहा. मोबाईलवर हिशेब ठेवणार असाल तरी चालेल, फक्त दर वेळी बाकीचा मेसेज गेला पाहिजे.

‘हस्ते’ लिहायला विसरू नका. पोरगं डाळ न्यायला येतं आणि बरोबर दोन चॉकलेटं, एक कुरकुऱ्याचं पाकीट घेऊन जातं. खातं उघडतानाच घरच्या माणसाला विचारा, मुलांनी वरचं काही मागितलं तर द्यायचं का. याहून अवघड प्रसंग मोठ्या माणसांचा. घरचा कर्ता सिगारेट घेतो आणि हळूच म्हणतो, ‘साखर म्हणून टाका.’ इथे नाहीच म्हणायचं. ‘दादा, ते रोखीत घ्या, वहीत खोटं नको,’ एवढंच, हसून. एकदा साखरेच्या नावावर सिगारेट गेली की त्या घरातल्या बाईला वहीतली खरी साखरही खोटी वाटायला लागते, आणि तिचं चुकलं असं म्हणता येत नाही.

हल्ली सर्वांत जास्त भांडणं यूपीआयवरून होतात. पैसे आल्याचं यंत्र ओरडतं, गिऱ्हाईक निघून जातं, वहीत जमा करायचं राहून जातं. त्यातून पैसे मुलाच्या किंवा भावाच्या खात्यावरून आलेले, म्हणजे नाव भलतंच. रोज दुकान बंद करताना दिवसभरात आलेल्या रकमा वहीशी ताडून बघा. ज्या रकमेचं नाव लागत नाही ती वेगळ्या पानावर वेळेसह लिहून ठेवा, दुसऱ्या दिवशी विचारता येतं. गिऱ्हाइकाचे जादा पैसे आलेत असं दिसलं तर तो विचारण्याची वाट बघू नका, त्याच दिवशी फोन करा. ‘तुमचे चाळीस रुपये माझ्याकडे जास्त आलेत’ हा फोन तुमच्याकडून गेला असेल, तर पुढे बाकी मागायचा फोन जड जात नाही.

कायद्याचं थोडक्यात. साध्या उधारीचा दावा लावायची मुदत १९६३च्या मुदत कायद्याप्रमाणे ३ वर्षं असते. ती संपायच्या आत गिऱ्हाइकानं लेखी सहीनिशी बाकी कबूल केली तर मुदत तिथून नव्यानं मोजतात. आणि नुसती तुमची वही हा पुरेसा पुरावा होत नाही. भारतीय साक्ष्य अधिनियम २०२३च्या कलम २८प्रमाणे ती पुराव्यात येते, पण एकट्या तिच्यावर देणं लादता येत नाही. म्हणून मोठ्या बाकीखाली दर तिमाहीला गिऱ्हाइकाची तारखेसह सही घ्या. दीड-दोन हजारांसाठी कोर्टात कोणी जात नाही हे खरं, पण सही करताना माणूस आकडा वाचतो, ते महत्त्वाचं.

काटा गिऱ्हाइकाला दिसेल असा ठेवा. इलेक्ट्रॉनिक काट्याची वैधमापन विभागाकडून दर वर्षी पडताळणी करून घ्यावी लागते. वजनाबद्दल शंका असलेला माणूस बाकी देताना हात आखडतो.

आता थकलेलं खातं. बाकी चढली की माणूस तुमच्या दारावरून जायचं टाळतो, समोरच्या दुकानातून रोखीनं माल नेतो. म्हणजे उधारीही गेली आणि रोखीचा धंदाही गेला. अशा वेळी चारचौघांत टोकू नका, त्याच्या बायकोला किंवा पोराला निरोप देऊ नका. एकट्याला गाठून सांगा, ‘मागचं बाजूला ठेवू, आजपासूनचं रोखीत घ्या, आणि मागच्यातले जमेल तसे दोनशे-तीनशे देत राहा.’ जुन्या बाकीचं वेगळं पान करा, त्यात नवा माल अजिबात टाकू नका. दिलेला प्रत्येक हप्ता त्याच्यासमोर जमा करा आणि उरलेला आकडा दाखवा. सलग दोन हप्ते चुकले तर रक्कम निम्मी करा, पण तारीख सोडू नका.

ज्या घरात आजारपण किंवा मयत झालीय आणि पैसे येण्यासारखे नाहीत, तिथे बाकी सोडायचीच असेल तर स्पष्ट सोडा: पानावर ‘सोडले’ लिहून तारीख टाका आणि त्यांना तसं सांगा. न सांगता नुसतं मागायचं बंद केलंत, तर त्यांच्या लेखी ते देणं तसंच राहतं आणि ते दुकानात पाऊल टाकत नाहीत.