पदार्थ आणि ऊर्जा शिकविताना

आपण जिल्हा परिषदेच्या शाळेत नव्याने रुजू झाला आहात, म्हणून सुचवितो की पदार्थाची व्याख्या फळ्यावर लिहिण्याआधी पेल्याच्या तळाशी कोरडा कागद घट्ट बसवून तो बादलीतल्या पाण्यात सरळ उपडा दाबावा. कागद कोरडाच राहतो आणि हवाही जागा व्यापते हे मुलांना दिसते. ऊर्जेसाठी विदर्भाचा उन्हाळा पुरेसा आहे. पाणी 100 अंश सेल्सिअसला उकळल्याशिवाय त्याची वाफ होत नाही, हा मुलांचा समज फार चिवट असतो. तेव्हा त्यांना माठाच्या ओलसर अंगाला हात लावू द्यावा आणि पाझरलेले पाणी न उकळताच उडून जाते, त्यासाठीची उष्णता ते माठातूनच घेते व म्हणून आतले पाणी गार होते, हे सावकाश उलगडावे. या भागाला दोन तासिका दिल्या तरी चालतील.