मराठी घेऊन बी.ए. केलेल्या खेड्यातल्या मुलाला संगणकीय भाषाविज्ञानात करिअर करता येईल का?

मराठी घेऊन बी.ए. झाले आहे, गणित आणि इंग्रजी बेताचे आहे, राहायला घाटंजी तालुक्यातले खेडे आहे, तर संगणकाला माणसांची भाषा हाताळायला शिकवणाऱ्या या क्षेत्रात शिरता येईल का, असे तुम्ही विचारले आहे. येईल, मी दारव्ह्याजवळच्या गावातून याच वाटेने आलो. एवढे लिहून थांबलो असतो, पण 'आमची बोली वऱ्हाडी, त्यामुळे शुद्ध मराठीचीही पंचाईत' असे तुम्ही पुढे लिहिले आहे आणि त्या वाक्याने २२ वर्षांपूर्वीच्या एका जखमेची खपली निघाली.

एम.फिल.साठी मी मराठी शुद्धलेखन तपासणारा प्रोग्राम लिहिला होता. त्याला दिलेल्या शब्दांच्या यादीत नसलेला शब्द समोर आला की कमीत कमी चिन्हे बदलून यादीतला कोणता शब्द मिळतो, हे तो पाहत असे. (अंतर मोजण्याची ही रीत रशियन गणितज्ञ व्लादिमीर लेव्हेनश्टाइन यांनी १९६५ मध्ये मांडली आणि ती आजही शिकवली जाते.) तोंडी परीक्षेच्या दिवशी मी हौसेने माझ्या आईचे वाक्य टाइप केले : 'मले वावरात जा लागते.' पडद्यावर उमटले : 'मेले वावरात जा लागते.' बाहेरून आलेले परीक्षक मनमुराद हसले आणि म्हणाले, "पाहा, हे अशुद्ध आहे हे यंत्रालाही कळते." मी मान खाली घालून उभा राहिलो.

यंत्राला शुद्ध-अशुद्ध काही कळत नाही. 'मला', 'मळे' आणि 'मेले' हे तिन्ही शब्द 'मले'पासून एकेका बदलाच्या अंतरावर आहेत. मग ज्याची वारंवारता अधिक तो शब्द प्रोग्राम निवडतो. माझी यादी वर्तमानपत्राच्या जिल्हा पुरवण्यांवरून केलेली होती, आणि त्या पुरवण्यांत 'मला' असे स्वतःच्या तोंडाने बोलणारा माणूस क्वचित, अपघात मात्र रोज. दोष माझ्या यादीचा होता, आईच्या बोलण्याचा नव्हता. वऱ्हाडीतला 'ले' हा प्रत्यय प्रमाण मराठीतल्या 'ला'इतकाच नियमित आहे : मले, तुले, त्याले, घराले. सामान्यरूप तेच राहते, प्रत्यय तेवढा बदलतो. परीक्षेनंतर एका दुपारी एक नियम वाढवला आणि ती चूक गेली, परंतु ते पाहायला परीक्षक तिथे नव्हते.

खरा घोर लावला तो 'राहिला'ने. 'पऱ्हाटी वाळून राहिली' म्हणजे पऱ्हाटी (कापसाचे झाड) या घडीला वाळते आहे. प्रमाण मराठीवर घडवलेला प्रोग्राम 'राहिली'वर भूतकाळाचा शिक्का मारून मोकळा होतो. शेतकऱ्याच्या फोनला उत्तर देणाऱ्या यंत्राने हे वाक्य तसे ऐकले, तर ज्या पिकाला आजच पाणी द्यायला हवे ते पीक त्याच्या लेखी कालच वाळून गेलेले असते. ही खोच ज्याच्या कानाला बसल्याजागी कळते, अशा माणसाची या क्षेत्रात वानवा आहे. म्हणून माझे स्पष्ट मत असे की, प्रोग्रामिंग दोन वर्षांत शिकता येते, भाषेचा कान तेवढ्या काळात येत नाही, आणि तुमच्याकडे अवघड अर्धे आधीच आहे.

आता मी तालुक्याच्या महाविद्यालयात संगणक शिकवतो. पहिल्या तासाला फळ्यावर 'पऱ्हाटी' लिहितो आणि अक्षरे किती ते विचारतो. मुले तीन सांगतात, पायथन ही प्रोग्रामिंगची भाषा सात सांगते : प, ऱ, हलन्त, ह, काना, ट, वेलांटी. नंतर साधा 'र' वापरून 'पर्हाटी' लिहितो आणि दोन्ही शब्द सारखे आहेत का, असे पायथनलाच विचारतो. तो नाही म्हणतो. आयुष्यभर एकच समजलेल्या शब्दाच्या अशा दोन नोंदी होतात, हे पाहून मागच्या बाकावरची मुलेही मान वर करतात. प्रोग्रामिंगच्या पहिल्या धड्यातल्या ठरीव 'हॅलो वर्ल्ड'ने हे आजवर झालेले नाही.

शिक्षणाचे म्हणाल, तर वर्ध्याच्या महात्मा गांधी आंतरराष्ट्रीय हिंदी विश्वविद्यालयात भाषातंत्रज्ञान शिकवले जाते, आणि तिथे तुमचे भाषेकडून येणे कमीपणाचे ठरणार नाही. मुंबई आयआयटी आणि हैदराबादची ट्रिपल आयटी ही मोठी केंद्रे, पण तिथला प्रवेश कठीण. संस्कृत ही संगणकासाठी सर्वोत्तम भाषा आहे असे सांगणारा भेटला तर नमस्कार करून पुढे जा. पाणिनीची सुमारे ४,००० सूत्रे थोरच आहेत, पण त्यांतल्या कारकविचाराचा (वाक्यातल्या नामांचे क्रियेशी असलेले नाते) उपयोग कानपूरच्या अक्षर भारती या संशोधक गटाने आधुनिक भारतीय भाषांच्या यांत्रिक भाषांतरासाठी केला, मिरवण्यासाठी नव्हे.

गणित टाळता येणार नाही, हे आधीच सांगायला हवे होते. संभाव्यता आणि सांख्यिकी बारावीच्या पुस्तकांपासून पुन्हा करा. इंग्रजी बोलता आले नाही तरी चालेल, शोधनिबंध मात्र वाचावेच लागतील. कंपन्यांत यंत्राला शिकवण्यासाठी वाक्यांना खुणा करण्याचे काम मिळते, पण ते बहुधा कंत्राटी असते. प्राध्यापकीची आशा असेल तर नेट या पात्रता परीक्षेत भाषाविज्ञान आणि संगणकशास्त्र हे वेगवेगळे विषय आहेत हे ध्यानात ठेवा. मला मराठीच्या मुलाखतीत 'तुम्ही संगणकवाले' आणि संगणकाच्या मुलाखतीत 'तुम्ही मराठीवाले' म्हणून सहा वर्षे परत पाठवले गेले. जाहिरातीत 'संबंधित विषय' असे लिहिलेले असेल, तर तुमची पदवी त्यात बसते की नाही हे अर्ज करण्यापूर्वीच लेखी मागून घ्या.